मालियाच्या किनाऱ्यावरचं गाऱ्हाणं

परवा भाची आली होती. चार मैत्रिणी मिळून ग्रीसला निघाल्यात. मोबाइलवर एकेक फोटो सरकवत मला दाखवत होती. निळंशार पाणी, वाळूवर ओळीने मांडलेल्या खाटा, त्यांवर उताणी पडलेली माणसं, आणि रात्रीचे ते लाल-हिरवे दिवे. "मावशी, इथे कोणी झोपतच नाही. रात्रभर नुसता धिंगाणा," म्हणाली. गावाचं नाव विचारलं तर म्हणे मालिया, क्रीट नावाच्या बेटावर आहे.

"माहितेय मला," मी म्हटलं. "आमचे दाजी जाऊन आलेत तिथे. पांढरा लेंगा आणि गांधी टोपी घालून."

तिला वाटलं, मावशीचं वय झालं. वाटू दे. पण त्या रात्री मला काही धड झोप लागली नाही, आणि आता हे लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

दाजी परब म्हणजे नाहूरच्या आमच्या इमारतीतले तळमजल्यावरचे. अंगाने काडी आणि आवाज असा की ते खाली खोकले की तिसऱ्या मजल्यावरची पोरं अभ्यासाला बसायची. त्यांचा तरी काय दोष म्हणा. उभं आयुष्य परळच्या गिरणीत साचे खात्यात गेलेलं. शेकडो माग एकदम धडधडायचे, तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही. त्यात कान निम्मे गेले आणि गळा दुप्पट झाला. मग संप झाला, गिरणी बंद ती बंदच. दाजी मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. पण पहाटेची पहिली पाळी अंगात अशी मुरलेली की जगबुडी झाली तरी हा माणूस पाचच्या आत उठून अंघोळ करून बसलेला असायचा.

मालवणकडचे. गावच्या देवळात त्यांच्या घराण्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नारळ हातात घेऊन देवापुढे उभं राहायचं आणि ज्याचं काम असेल त्याच्या वतीने देवाला सगळं खणखणीत आवाजात सांगायचं, की बा महाराजा, हा अमका तुझ्या पायाशी आलाय, ह्याची अशी अशी अडचण आहे, ती दूर कर. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय महाराजा!" की झालं. लोकांनी व्हय म्हटलं म्हणजे मागणं देवाकडे पोचलं. मग ते मागे घेता येत नाही.

दाजींनी हे गाऱ्हाणं नाहूरला आणलं आणि बघता बघता इमारतीला त्याचं व्यसन लागलं. कुणाचा पोरगा दहावीला बसला, आणा नारळ. कुणाकडे रंगीत टीव्ही आला, आणा नारळ. त्या टीव्हीसाठी दाजींनी देवाला सांगितलं होतं की महाराजा, ह्या पेटीतली माणसं कधी काळी-पांढरी होऊ देऊ नकोस. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाकाकांना मराठी येत नव्हतं, पण त्यांच्या "व्हय म्हाराजा"ला तोड नव्हती. आमचं घर बौद्ध, वडील असल्या नारळाबिरळाच्या भानगडीत कधी पडले नाहीत. दाजींनी आग्रह म्हणून केला नाही कधी. फक्त चिडवायचे. "तुमी घाटी लोक, तुमचा कायव देवार अडत नाय," म्हणायचे, आणि माझ्या वडिलांशी तासन्‌तास गिरणीच्या गप्पा मारत बसायचे.

पण ह्या माणसाचा एक नियम होता, आणि तो मोडायला ते कुणाच्या बापासाठीही तयार नसत. गाऱ्हाणं सुरू करायच्या आधी ते विचारायचे, नारळ कोणाचा? ज्याने आणला तो पुढे यायचा. मग विचारायचे, काय मागणं आहे? तो सांगेल ते आणि तेवढंच दाजी देवाला सांगायचे. आपल्या पदरचं एक अक्षर त्यात घालायचं नाही. मध्ये उभा राहणाऱ्याने स्वतःचं घुसवलं तर ती देवाच्या दारात केलेली चोरी, असं त्यांचे वडील सांगून गेलेले.

ह्यावरून एकदा काय महाभारत झालं! एका उन्हाळ्यात पाण्याची नवी जोडणी मिळणार होती आणि ती आधी ए विंगला की बी विंगला ह्यावरून बोलचाल बंद होती. दाजी ए विंगमधले. बी विंगवाले मोठे हुशार, सरळ नारळ घेऊन दाजींच्याच दारात. नारळ कोणाचा? बी विंगचा. काय मागणं? पाणी आधी आम्हाला. दाजींनी छाती फुटेस्तोवर गाऱ्हाणं घातलं, आणि पाणी आलं की हो बी विंगला! ए विंगच्या बायका दोन महिने कळश्या घेऊन समोरच्या जिन्यावर रांगा लावत होत्या. त्यात सगळ्यात पुढे दाजींची बायको, माई. बी विंगचा जिना चढताना त्या एकदाच बोलल्या. "अवो, आपल्या घरासाठी कधी मागशात?" दाजी म्हणाले, तू नारळ आण, मागतो. माईंनी कधी आणला नाही. आमच्यासारख्यांना काय मागायचं असतं, म्हणायच्या.

मग रवीचं झालं.

रवी हा त्यांचा एकुलता एक. जहाजावर खलाशी म्हणून लागला तेव्हा अख्ख्या इमारतीला पेढे. दोन-तीन फेऱ्या नीट झाल्या. मग त्यांचं जहाज माल मिळेना म्हणून ग्रीसच्या एका बंदरात पडून राहिलं. बाकीचे खलाशी कंटाळून घरी आले, रवी नाही आला. त्याने तिथेच मालियाला एका हॉटेलात काम धरलं, आणि पुढच्या वर्षी हॉटेलवाल्याच्या मुलीशी, एलेनीशी, लग्न करून मोकळा झाला.

ही बातमी आमच्याच घरात आली, कारण इमारतीतला एकुलता एक फोन आमच्याकडे. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर, म्हणून तो मिळालेला. दर रविवारी सकाळी रवीचा फोन यायचा. परब नवरा-बायको आंघोळी करून, चांगले कपडे घालून, देवळात आल्यासारखे आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे. आधी दाजी बोलायचे. निम्मे कान गेलेले, त्यामुळे रवी काय म्हणतोय ते त्यांना कमी आणि दाजी काय म्हणतायत ते अख्ख्या नाहूरला जास्त कळायचं. मग रिसिव्हर माईंकडे. माई जेवलास का विचारायच्या, चेडू कशी आहे विचारायच्या, कारण एव्हाना त्याला मुलगी झाली होती. आणि शेवटी, दर रविवारी, न चुकता तेच.

"कधी येतलंस रे?"

तिकडून ठरलेलं उत्तर. सीझन संपला की येतो. पण त्या मेल्या सीझनला अंत म्हणून नव्हता. एक संपला की हॉटेलची रंगरंगोटी, ती संपली की पोरीचं आजारपण, की आला पुढचा सीझन. माई रिसिव्हर ठेवायच्या, पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "सीझन संपलो काय येता म्हणता." मला त्या सीझनचा असा राग यायचा!

शेवटी रवीनेच बापाला बोलावलं. बाबा, तू ये आठ-दहा दिवस, सुट्टी म्हणून ये, समुद्रावर आराम कर. तिकीट पाठवलं एकाचंच. माईंना दम्याचा त्रास, त्यांना विमान झेपलं नसतं. सुट्टी हा शब्द ऐकून दाजी गोंधळूनच गेले. त्यांना गावी जाणं माहीत होतं, गणपतीला आणि शिमग्याला. पण काही कारण नसताना कुठे तरी जाऊन नुसतं पडायचं, ह्याला काय म्हणावं त्यांना कळेना.

माईंना मात्र बरोबर कळलं होतं. त्यांनी बॅग भरली. कुळथाचं पीठ, कोकमं, सोडे, मसाल्याची बरणी. आणि सगळ्यात वर एक सोललेला, शेंडीचा नारळ. आयुष्यात पहिल्यांदा माईंनी नारळ आणला होता. म्हणाल्या, हा माझा. तिथल्या दर्यापुढे उभे राहा, रवीला बाजूला उभा करा, आणि माझं मागणं घाला. मागणं काय ते दाजींनी विचारलंसुद्धा नाही. मान खाली घालून बॅगेची चेन लावली.

तिथल्या विमानतळावर नारळ गेला. बॅग उघडली, एका गणवेशवाल्याने नारळ उचलून कानाशी हलवून बघितला आणि बाजूला ठेवून दिला. बाहेरची फळं-बिळं आत न्यायची नाहीत असला काही तरी कायदा. दाजी त्याला मालवणीत समजावत राहिले. हा खायचा नाही बाबा, बायकोचा आहे. तो मान हलवत हसला आणि पुढच्याची बॅग उघडायला लागला. पीठ सुटलं, सोडे सुटले, नेमका नारळ गेला. कुणापुढे डोकं आपटणार?

मालियाचं वर्णन आम्ही दाजींकडून पुढे कितीदा ऐकलं त्याला गणती नाही. इमारतीतली पोरं मुद्दाम विचारायची. दाजी, बायका खरंच तशा असतात का हो? दाजी गंभीरपणे सांगायचे की हो, बाया काय नि बाप्ये काय, आपल्याकडे बोंबील वाळत घालतात तशी सगळी वाळूवर घातलेली, आणि दुपारी उलटी करतात. "थय सगळो गाव तिसऱ्या पाळीक," म्हणायचे. संध्याकाळी दिवे लागले की भोंगा झाल्यासारखे सगळे बाहेर पडतात, रात्रभर नाचतात, पहाटे पाळी सुटली की तोंडं सुकवून घरी येतात. पगार मात्र कुणाला मिळत नाही, उलट आपलेच देऊन येतात. ह्याचं त्यांना फार नवल. त्यांच्या खोलीखालीच नाचायचा हॉल, भिंती थरथरायच्या. हॉटेलातले इतर पाहुणे तक्रार करायचे, पण साचे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला ते काय! दाजी नऊला आडवे व्हायचे ते पाचला उठायचे. अख्ख्या मालियात रात्रीचा गाढ झोपणारा हा एकटाच प्राणी होता, असं रवी आम्हाला फोनवर सांगत होता. आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

पण त्यातच सगळी वाट लागली. बाप नऊला झोपणार, मुलगा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत बारवर. बाप पाचला उठणार, मुलगा तेव्हा झोपायला येणार आणि दुपारपर्यंत मेल्यासारखा पडणार. उठला की सामान आणायला पळणार. गिरणीच्या गेटवर एका पाळीची माणसं सुटताना दुसऱ्या पाळीच्या माणसांना भेटतात ना, तेवढीच दोघांची भेट. बरा आहेस? बरा आहे. दाजी रोज ठरवायचे की आज बोलायचं. आज सांगायचं की बाबा रे, तुझी आई वाट बघते, चल. रोज पोरगा असा थकलेला समोर यायचा की ह्यांची जीभ उचलायची नाही. दिवसभर मग एलेनी त्यांना मासे तळून घालायची आणि नात त्यांची टोपी घालून वाळूत फिरायची. तिचे डोळे थेट माईंचे आहेत, हे दाजी प्रत्येक वेळी सांगायचे.

निघायच्या आदल्या पहाटे रवी काम संपवून आला तो हातात नारळ घेऊन. बारच्या फळीवर शोभेला ठेवतात त्यातला होता. कडेवर झोपेतून उठलेली पोरगी, मागे एलेनी. म्हणाला, बाबा, गाऱ्हाणं घाल. दाजींना केवढा आनंद झाला. त्यांना वाटलं, देवाने माईंचा नारळ परत पाठवला.

सगळे वाळूवर गेले. नुकतं उजाडत होतं. नाचून दमलेली इंग्रज पोरं-पोरी बाटल्या घेऊन इथे-तिथे बसली होती. पांढरा लेंगा, टोपी आणि हातात नारळ धरलेला म्हातारा बघून ती गोळा झाली. रवीने त्यांना इंग्रजीत समजावलं की प्रत्येक वेळी काय म्हणायचं. पोरं खूश. दाजी समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, नारळ कपाळाला लावला, आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "नारळ कोणाचो?"

"माझो," रवी म्हणाला.

मग पुढचा प्रश्न विचारणं भागच होतं. "काय मागणा?"

रवीने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं म्हणे. मग म्हणाला, बाबा, हॉटेल आता आमच्या दोघांच्या नावावर झालंय. ते नीट चालू दे. पोरगी इथेच मोठी होऊ दे. आम्हाला इथेच ठेव म्हणून सांग.

दाजी आम्हाला सांगत होते की त्या क्षणी नारळ खाली ठेवून द्यावा असं मनात आलं. पण समोर लोक उभे, हातात दुसऱ्याचा नारळ, आणि मागणं कानांवर पडलेलं. इतकी वर्षं लोकांच्या वतीने उभं राहून नेमकं मुलाच्या वेळी पळायचं? त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा महाराजा! आज ह्या परमुलखात तुझ्या दर्याच्या काठार तुझो हो रवी नारळ घेवन उभो आसा रे महाराजा!"

"होय माहाराजा!" पोरं ओरडली.

"तेचा हाटेल चलांदे. तेची बायल, तेचा चेडू सुखी ऱ्हवांदे. तेका हयच ठेय, हयच तेची भरभराट कर रे महाराजा!"

आणि ती सगळी अर्धी उघडी, अर्धी झिंगलेली पोरं-पोरी दोन्ही हात वर करून ओरडली, "होय माहाराजा!" असा व्हय दाजींना गावच्या जत्रेतही कधी मिळाला नव्हता. दोघांनी तर त्यांना खांद्यावर उचललं. कुणी बाटली हातात दिली. त्या वेळचा फोटो आहे, एलेनीने काढलेला. चार लाल तोंडांच्या पोरांच्या डोक्यांवर आमचे दाजी, टोपी तिरकी झालेली. सगळे हसतायत. रवी नाही हसत. दाजी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत.

परत आले तेव्हा माई दारात उभ्या होत्या. टॅक्सीतून एकटे दाजी उतरले आणि टॅक्सी गेली, तरी माई रस्त्याकडे बघत होत्या. दुसरा कुणी असता तर काही तरी थाप मारून वेळ मारून नेली असती. दाजींनी चपला काढायच्या आत सगळं सांगितलं, विमानतळापासून वाळूपर्यंत, माझ्या आणि माझ्या आईच्या देखत. काही गाळलं नाही. माई ऐकत होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला वाटत होतं, ओरडा ना माई, निदान एक भांडं तरी आपटा.

"तेणा मागल्यान आणि तुमी दिलात," एवढंच म्हणाल्या. "लोकांनी व्हय म्हटला?"

"म्हटला."

दुसऱ्या दिवशी माईंनी बाजारातून नवा नारळ आणला आणि देव्हाऱ्यापुढे ठेवला. दाजींना समजलं, आम्हालाही समजलं. पण दाजी तो उचलणार कसे? एकदा देवाकडे पोचलेलं मागणं त्याच तोंडाने उलटं कसं फिरवणार? वर मुलाचं तिकडचं सगळं मोडू दे असंच ते मागणं की नाही? आणि नाही उचलला तर बायकोच्या आयुष्यातलं एकमेव मागणं तसंच. माझे वडील एकदा वैतागून म्हणाले, दाजी, सोडा हो हे, नारळाने काय कुणी येत-जात नाही. दाजी म्हणाले, ता माका कळता, पण हिका काय सांगू? नारळ तिथेच राहिला. त्यातलं पाणी आटलं, खोबरं सुटलं, झाडताना धक्का लागला की आत खुळखुळ वाजायचं. इमारतीत त्यानंतर कुणी गाऱ्हाणं घालायला बोलावलं तर दाजी घसा बसलाय म्हणायचे. त्यांचा घसा!

रविवारचे फोन चालू होते. पण माईंनी तो प्रश्न विचारणं बंद केलं. जेवलास? चेडू बरी? बस. मग तिकडून रवीच उगीच काही तरी बोलत राहायचा. मला ऑपरेटरला लोकांची बोलणी ऐकायची सवय. ज्या बोलण्यात काही उरलेलं नसतं ते लगेच ओळखू येतं.

पुढे माझं लग्न ठरलं, मी दिंडोशीला जायची होते. लग्नाच्या आधीचा रविवार. रस्ता खणताना केबल तुटली होती आणि आमचा फोन चार दिवस मेलेला. ठरल्या वेळी दोघं आली, नेहमीसारखी, चांगले कपडे घालून. मी म्हटलं, अहो दाजी, लाइन डेड आहे. त्यांना ऐकू गेलं नाही की गेलं, कोण जाणे. "आसूंदे, बसतंव जरा," म्हणाले. आईने चहा केला. दोघांनी निवांत प्यायला. फोनच्या वेळेएवढी बसली आणि निघायला उठली.

दारापर्यंत गेलेल्या माई परत वळल्या. फोनपाशी आल्या, रिसिव्हर उचलून कानाला लावला. आत काही म्हणजे काही नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही. मी पुढे होणार तोच दाजींनी हाताने मला थांबवलं.

"रवी," माई म्हणाल्या. "कधी येतलंस रे?"

माई रिसिव्हर घट्ट धरून उभ्या होत्या, जसं काही तिकडून उत्तर येईपर्यंत ठेवायचाच नाही. आणि मग माझ्या मागून आवाज आला. इतका बारीक, की दाजींचा आहे हे मला वळून बघेपर्यंत कळलं नाही. आयुष्यभर ह्या माणसाने इतरांसाठी गाऱ्हाणं घातलं आणि उत्तर लोकांनी दिलं. त्या दिवशी टोपी काढून हातात धरलेली, नजर जमिनीवर, आणि ते उत्तर देत होते.

"व्हय महाराजा."